दीड वाजताची आगाऊ नोंद

भूकंप नोंदवणाऱ्या वेधशाळेत तळघरातलं यंत्र सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे सुईवाले म्हणत. काम बसल्या जागचं. नळकांड्यावर रोज नवा कागद गुंडाळायचा. त्यावर सुई रेघ ओढत राहणार. रेघ थरथरली की वहीत वेळ आणि कारण लिहायचं. पण घरातला रुबाब विचारू नका. दगड उन्हात फुगतो, थंडीत आकसतो, तडकत तडकत शेवटी त्याची माती होते, हे ऐकता ऐकता बायकोची कितीतरी जेवणं थंड झाली. जमिनीच्या पोटातलं सगळं सांगणारा हा माणूस स्वतःच्या पोटातलं एक मात्र कुणाला सांगत नव्हता.

रोज दुपारी दीडला जवळच्या दगडखाणीत सुरुंग उडे. खिडक्या वाजत, सुई उडे. आणि सुईवाल्यांना नेमकी तेव्हाच डुलकी लागे. म्हणून ते सकाळीच लिहून मोकळे होत: 'दीड वाजता, खाणीचा सुरुंग.' अकरा वर्षांत सुरुंगानं त्यांना एकदाही तोंडघशी पाडलं नव्हतं.

मग एका दुपारी, दीडच्याच सुमारास, शाळेची नवी भिंत कोपऱ्यापासून तिरपी तडकली. भिंत बांधणारा गवंडी म्हणजे सुईवाल्यांचा सख्खा साडू. सिमेंट खाल्लं, अशी कुजबुज सुरू झाली. मुख्याध्यापिका बाईंनी भिंत पाडून पुन्हा बांधायला लावली. गवंड्याच्या हातातली दुसरी दोन कामं गेली. गवंडी तळघरात आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "साडूभाऊ, त्या दिवशी जमीन जरा जास्तच हलली का हो?"

सुईवाल्यांनी कागद काढलाच नाही. वही उघडली, बोट ठेवलं आणि म्हणाले, "सुरुंग. रोजचाच. भिंतीचं तुमचं तुम्ही बघा." वर मालातल्या वाळूबद्दल दोन शहाणपणाच्या गोष्टीही ऐकवल्या.

तीन आठवड्यांनी सुईवाले न्हाव्याकडे बसले होते, अर्ध्या गालाला फेस. शेजारच्या खुर्चीत खाणीचा सुरुंगवाला आपल्या दाढेची कहाणी रंगवून सांगत होता. शाळेची भिंत तडकली ना, त्याच दिवशी दाढ उपटली म्हणे, दिवसभर खाण बंद. न्हावी म्हणाला, मग दीडला आमच्या बाटल्या कुणी वाजवल्या? दुकान हसलं. सुईवाले हसले नाहीत. अर्धी दाढी तशीच ठेवून उठले.

तळघरात त्यांनी त्या तारखेचा कागद उलगडला. सुरुंगाची रेघ सुरुवातीलाच उसळते आणि लगेच विरते. इथे आधी बारीक थरथर होती, मग चार सेकंदांनी दुसरा, मोठा हेलकावा, लांबवर रेंगाळलेला. पहिली लाट वेगानं येते, भिंती हलवणारी दुसरी मागून येते. हे तर ते जेवताना बोटांनी करून दाखवत. वहीत मात्र त्यांच्याच वळणदार अक्षरात सुरुंग होता. कुणाला कळणार नव्हतं. कान इतके तापले की त्यांनी ते एकेक करून भिंतीच्या गार दगडाला टेकवले.

त्यांनी जुनी ओळ खोडली, 'भूकंप' लिहिलं, खाली सही केली आणि वही नि तो कागद काखेत मारून शाळा गाठली. गवंडी नव्या भिंतीपाशी ओळंबा धरून होता, बाई शेजारी उभ्या होत्या. सुईवाल्यांनी बाईंसमोरच सांगितलं: तो भूकंप होता, मी झोपलो होतो, नोंद सकाळीच लिहिली होती. बाईंनी एकदा त्यांच्या अर्ध्या दाढीकडे पाहिलं आणि वही वाचायला घेतली.

गवंड्यानं कागद मागितला. बोटानं ती रेघ हळूहळू चाचपली.

"तुम्ही त्या दिवशी वाळूचं बोललात ना," तो म्हणाला, "तेव्हापासून मी प्रत्येक घमेलं दोनदा तपासतोय. वाटलं, आपला हातच गेला."

सुईवाल्यांना शिव्या चालल्या असत्या. गवंड्यानं कागद नीट गुंडाळून त्यांच्या हातात दिला, पुढची वीट उचलली आणि पुन्हा खाली ठेवून घमेल्यातला माल बोटांनी चोळून पाहिला.