मार्चमध्ये परत आलेला अंधार

एल्वी कंगास बावीस वर्षं त्या एकाच चौकात उभी. एका हातात 'थांबा'ची पाटी, गळ्यात लाल दिवा. अमेरिकेतल्या सुपीरियर तळ्याकाठचं गाव ते, चढावरून लाकडं भरलेले ट्रक सुसाट सुटतात. त्यांना अडवून ती शाळेची पोरं पलीकडे न्यायची. एकालाही कधी खरचटलं नाही. हे आधी ऐका, मग तिला नावं ठेवा.

एप्रिल येईपर्यंत ती गळ्यातला दिवा उतरवायची नाही. लोक हसायचे. मार्च लागला की साडेसातला चांगलं उजाडतं, मग दिवा कशाला?

यंदा भाचा तोइवो मागेच लागला. "मावशी, दे ना. तळ्यावर बर्फात भोक पाडून मासे धरतोय, पहाटे काही दिसत नाही. तू काय उन्हात मिरवणार तो?"

दिला. तिथंच चुकली.

रविवारी घड्याळं तासभर पुढं गेली; संध्याकाळी उजेड जास्त मिळावा म्हणून तिथं सरकारच मार्चमध्ये काटे सरकवतं. दरवर्षी जातात, आणि दरवर्षी गाव विसरतं की सूर्याला कुणी सांगितलेलं नसतं. सोमवारी साडेसातला चौकात काळाकुट्ट अंधार.

"आजी, तुझी पाटीच दिसत नाहीये!" पलीकडून नऊ वर्षांची सारा ओरडली.

"तिथंच थांब! पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन!"

तेवढ्यात ट्रक आला. वेग जरासुद्धा कमी झाला नाही. ड्रायव्हरचीही झोप तासानं तुटलेली. ट्रकच्या वाऱ्यानं एल्वीच्या हातातली पाटी उडाली. सारा जागची हलली असती तर?

एल्वीनं तोइवोला फोन केला. तो लांब जंगलात कामावर, म्हणाला शनिवारी आणतो. दुकानात तसला दिवा नाही, मागवला तर आठवडा. आणि एका रात्रीत गेलेला तास सूर्य रोज दोन-दोन मिनिटांनी भरून काढणार. म्हणजे महिनाभर हेच.

मंगळवारी तिनं आपली खटारा गाडी कडेला लावली, दिवे रस्त्यावर सोडले. उजेड जेमतेम दहा पावलं. पोरांना तिनं भिंतीमागं उभं केलं.

"मी हाक मारेन तेव्हाच हलायचं."

"आणि तू नाही मारलीस तर?" सारानं विचारलं.

"तर घरी जायचं. शाळा गेली खड्ड्यात."

ती एकटीच रस्त्यावर उतरली. चढावर इंजिन घरघरलं, मग उताराला लागलं. आवाज कमी होईना. एल्वीनं दोन्ही हातांनी पाटी वर धरली आणि त्या दहा पावलांच्या उजेडात मधोमध पाय रोवले.