थेट तिसऱ्या वर्षाला

मिरजेच्या नर्सिंग डिप्लोमाचं इथे काय होणार, हा प्रश्न इंग्लंडात वॉटफर्डच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात राबताना मला कधी पडला नव्हता. पडला तो वरच्या जागेसाठी डिग्री लागेल असं कळलं तेव्हा. युनिव्हर्सिटीने सांगितलं, डिप्लोमाचे क्रेडिट्स धरले तर थेट तिसऱ्या वर्षाला घेऊ, नाही तर पहिल्यापासून सुरुवात. पहिल्यापासून म्हणजे नोकरी सोडा! नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट नुकतंच संपलेलं, लेक नुकती शाळेत जायला लागलेली. शक्यच नव्हतं. सगळा भरवसा एका मुलाखतीवर होता.

मुलाखत घेणाऱ्या बाई उंच, पांढऱ्या केसांच्या, शांत. त्यांनी विचारलं, "डिप्लोमानंतर तू स्वतः निभावलेला एखादा कठीण प्रसंग सांग."

मी उत्साहाने सांगितलं. तालुक्याच्या दवाखान्यात भर दुपारी एका बाळंतिणीचं रक्त थांबेना, डॉक्टर मीटिंगला गेलेले. पण आमच्या मेट्रनबाईंनी शिकवलेलं होतं ना, म्हणून जमलं. आयाबाई फार धीराची, अँब्युलन्सचा ड्रायव्हर देवमाणूस, डॉक्टरांनीही फोनवर नीट सांगितलं. अगदी तोंड भरून सगळ्यांचं कौतुक केलं. आपल्याकडे असंच बोलतात. 'मी केलं' म्हणणाऱ्या मुलीला आमच्या घरी 'काय पण शहाणी!' असं ऐकावं लागे.

बाई लिहायच्या थांबल्या. "माणसं छान होती तुझी," त्या म्हणाल्या, "पण त्यांना मी प्रवेश देत नाहीये. तू काय केलंस?"

मला रागच आला. म्हटलं, कमाल आहे! एवढं सांगितलं ते काय होतं? पण मग लख्ख कळलं, की माझं त्यात काहीच नव्हतं. बाईंच्या जागी मी असते तर मीही मला पहिल्या वर्षालाच बसवलं असतं.

त्यांना सहज म्हणता आलं असतं, "थँक यू, कळवू." त्या तसं म्हणाल्या नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "घाई नाही. परत सांग."

या एका 'परत सांग'साठी मी त्या बाईंची जन्मभर ऋणी आहे.

मी परत सांगितलं. पोट दाबून धरलं मी. दोन्ही हातांना सलाइन लावलं मी. डॉक्टरांचा फोन लागायच्या आधीच अँब्युलन्स मागवली, तीही मीच. जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत पोटावरचा हात काढला नाही, आणि ती बाळंतीण जगली. सांगताना कान तापले होते माझे, चारचौघांत काहीतरी भलतंच बोलतेय असं वाटत होतं.

बाईंनी आणखी बरंच खोदून विचारलं. मग म्हणाल्या, "हे सगळं आम्ही पहिल्या दोन वर्षांत शिकवतो. तुला पुन्हा कशाला शिकवू? तिसऱ्या वर्षाला ये."

बाहेर कार पार्कमध्ये नवरा गाडीला टेकून उभा होता. माझं तोंड बघून घाबरला. "काय गं, काय झालं?"

"घेतलं, तिसऱ्या वर्षाला," मी म्हटलं. "आणि ऐक ना, मी चांगली नर्स आहे रे."

"हे तू मला आज सांगतेस?" तो म्हणाला, आणि मी तिथेच भर पार्किंगमध्ये हमसून हमसून रडले.