दारातली फुंकर

वसमतच्या बाहेर, हळदीच्या शेतांना लागून असलेल्या त्या घरात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा दार उघडणाऱ्या बाईने नाव-गाव काही विचारलं नाही. म्हणाली, "फुंकर मार." मला वाटलं, ही बाई ठार वेडी आहे.

घर दारू सोडू पाहणाऱ्या बायकांचं. आम्ही सात जणी. कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणी पालावरची, कुणी माहेरानेच बाहेर काढलेली. सहा महिने दारूला शिवायचं नाही, मग मागची एक खोली मिळायची, लेकराला घेऊन राहायला. घर चालवणाऱ्या ताईंकडे श्वास तपासायचं यंत्र नव्हतं. म्हणून नियम असा, की बाहेरून येणारीने दार उघडणारीच्या तोंडावर फुंकर मारायची. दळण आणलं, फुंकर. भाजी आणली, फुंकर. ताईसुद्धा आमच्या तोंडावर फुंकर मारूनच आत यायच्या, त्यामुळे मला भांडायला जागाच उरली नाही. एरवी मी सोडणारी नव्हते.

आधी मी कुरुंद्याला हळद शिजवण्याच्या कामावर होते. दिवसभर वाफेत उभं राहून अंग ठणकायचं. टोळीतल्या एकीने औषध म्हणून पहिला ग्लास दिला. पुढचे माझे मीच घेतले, तिला कशाला बोल लावू? नवरा तर त्याआधीच निघून गेला होता. शेवटी हट्ट्याहून धाकटा भाऊ आला, माझ्या सात वर्षांच्या लेकीला घेऊन गेला, आणि मी या घरात आले.

सकाळी, रस्त्यावरून पोरं शाळेला निघायच्या वेळेला, हाताला काम सुचायचं नाही. एकदा लेकीला जवळ ओढून मुका घ्यावा, एवढंच मनात. त्या ओढीपुढे दारूची ओढ काहीच नव्हती असं लिहायला मला आवडलं असतं, पण ते खोटं होईल. दोन्ही सोबतच यायच्या.

तिसऱ्या महिन्यात मी गिरणीतून दळण घेऊन आले. दार वाजवलं. दार उघडलं आणि तोंडाला लागलेल्या सवयीने मी वाकून फुंकर मारली. समोर माझी लेक होती. मामासोबत भेटायला आली होती आणि हौसेने दार उघडायला धावली होती.

तिने दोन्ही हातांनी नाक-तोंड झाकलं. माझं वाकून जवळ येणारं तोंड तिला चांगलं माहीत होतं. "अगं, वास न्हाई, बघ की, न्हाई येत वास," म्हणत मी आणखी पुढे गेले, तशी ती आणखी मागे सरकली. "मामा, चला घरी," एवढंच म्हणाली. आणि ते गेले.

त्या दिवशी मी दारूच्या दुकानापर्यंत चालत गेले आणि तशीच परत आले. दारात फुंकर मारायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं.

पुढचे दोन महिने भाऊ एकटाच आला. "आक्का, लेकरू न्हाई म्हणून राहिलं. मारून-मुटकून कसं आणू?" मला त्याचाच राग आला. बिचारा भाऊ.

सहा महिने झाले, मला खोली मिळाली, आणि मी हट्ट्याला गेले. लेक ओट्यावर बसली होती. मी अंगणातच थांबले.

"येतीस का माझ्यासंगं?"

ती पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागली. मग म्हणाली, "येते. पन तुझं तोंड माझ्या तोंडाजवळ आनायचं न्हाई."

"बराबर हाय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तिला इथे येऊन आता चार महिने झाले. शाळेत रमली आहे. जेवताना गुरुजींच्या नकला करते, मी हसते. वेणी घालताना तिची पाठ माझ्याकडे असते, तेवढीच ती जवळ येते. मी मुद्दाम हळूहळू विंचरते, झालेला भांग मोडून पुन्हा पाडते. "उशीर होऊन राहिला ना, माय!" ती करवादते. मग मला रिबीन बांधावी लागते. एका खोलीत राहतो आम्ही, एका ताटात जेवतो, आणि तरी मला माझ्या लेकीची आठवण येते. ती समोर असताना सगळ्यात जास्त.