कोरड्या नळाची ओटी

आधीच सांगते, म्हणजे कॉमेंटमध्ये कोणी शिकवायला नको. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. जी गोष्ट पुन्हा करून दाखवता येत नाही ती घडलीच नाही, असं म्हणण्याचा मला पगार मिळतो. देव आहे की नाही यावर माझं काही मत नाही, भुतांवर मात्र होतं – नाहीत. इथल्या, या ग्रुपवरच्या भुताखेतांच्या पोस्ट मी जेवताना वाचायचे आणि हसायचे. तेव्हा तुम्हीही हसा, माझी हरकत नाही... फक्त शेवटपर्यंत वाचा.

आमचा फ्लॅट खराडीच्या पुढे, वाघोलीही मागे टाकून, हायवे सोडून आत. ब्रोशरमध्ये ‘खराडीला लागूनच’ असं छापलं होतं. लागून म्हणजे किती लागून, ते राहायला आल्यावर कळलं. कॅबवाले लोकेशन बघून फोन करतात, “मॅडम, गाव में आना है क्या?” आणि कॅन्सल करतात. बी विंग, सहावा मजला. बाल्कनीसमोर ज्वारीचं एक उरलेलं शेत आणि त्याच्यामागे क्रेन.

किचनच्या सिंकवर दोन नळ आहेत. एक टँकरच्या पाण्याचा. तो पांढऱ्या क्षाराने असा काही माखलाय की मूळचा स्टीलचा होता हे सांगावं लागतं. दुसरा पिण्याच्या पाण्याचा, ‘कॉर्पोरेशनची लाइन आली की डायरेक्ट, मॅडम!’ असं म्हणत बिल्डरच्या माणसाने चावी देताना मोठ्या प्रेमाने फिरवून दाखवलेला. लाइन आली नव्हती. त्या नळातून आजवर हवाच यायची, तीही मनात आलं तर.

आता मला हे घर का हवं होतं ते सांगते. माझं बालपण अकोल्यात भाड्याच्या खोल्यांमध्ये गेलं. घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नसे म्हणून आईबाबांच्या लग्नाचा फोटो शेवटपर्यंत ट्रंकेत राहिला. या घरात आले त्या दिवशी मी ड्रिल मशीन मागून आणलं आणि हॉलमध्ये चार खिळे बसवले. लटकवायला काहीच नव्हतं. सचिन, माझा नवरा, म्हणाला, “अगं, चाललंय काय?” मी म्हटलं, “माझी भिंत आहे.”

सचिनचं ऑफिस हिंजवडीला, म्हणजे शहराच्या बरोब्बर दुसऱ्या टोकाला. तो बिचारा रोज पुणे आडवं कापून जायचा, तरी तक्रार करत नव्हता. पण आमची सई झाली आणि टँकरच्या पाण्याने तिच्या मानेवर, काखेत लाल चट्टे उठले. औषधं झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, “पाणी बदला.” सचिनने पाण्याऐवजी घरच बदलायचं ठरवलं. वाकडला भाड्याने राहू, हा फ्लॅट विकून टाकू. एजंटने रविवारी एका जोडप्याला घर बघायला आणायचं नक्कीही केलं. मी खूप भांडले. पण रडणाऱ्या लेकराची मान दाखवून कोणी विचारलं, “आता बोल,” तर काय बोलणार?

त्याच आठवड्यात टँकरवाल्यांचं काहीतरी बिनसलं आणि टँकर यायचे बंद झाले. एप्रिल महिना. सोसायटीच्या ग्रुपवर नुसती भांडणं. प्यायला जार होते, पण इतरांसारखे आम्हीही त्याच पाण्यात भांडी विसळत होतो.

आणि नेमका सईला सव्वा महिना झाला.

आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिन्याने पाण्याची पूजा करते. विहिरीला हळदकुंकू, पाच खडे, खणानारळाची ओटी, घुगऱ्यांचा नैवेद्य. मग तिने ते पाणी भरून घरात आणायचं. सासूबाई त्यासाठीच वाशिमहून येऊन थांबल्या होत्या. मी म्हटलं, “आई, इथे विहीर कुठली? आणि पाणी तरी कुठे आहे?”

“काऊन वं पोरी, इहीर नाई तं नळ तं हाये ना?”

मी आत सईला पाजत होते, तोवर त्यांनी सगळी मांडामांड केली. बाहेर येऊन बघते तर बाईंनी दोन नळांतला स्वच्छ, चकचकीत नळ निवडलेला! कधी पाणीच न आल्याने त्याच्यावर एक डाग नव्हता ना. हळदकुंकू लावून झालं होतं, खण पांघरून झाला होता. मला हसूच आवरेना.

“आई, हा बंद आहे हो! याला पाइपच जोडलेला नाही.”

“असं कसं वं? साजरा तं दिसते.” मग जरा ओशाळून, पण ठामपणे, “आता भरली ते भरली. केलेली ओटी काय वापस मांगाची?”

मी नमस्कार केला, जारच्या पाण्याने तांब्या भरला, तो घेऊन दाराबाहेर गेले आणि हॉलमधून परत किचनमध्ये आले. झाली पूजा.

त्याच दुपारी, लख्ख ऊन असताना, सासूबाई आणि सई झोपल्या होत्या. मी लॅपटॉप उघडून बसले होते. किचनमधून खोकल्यासारखा आवाज आला. मग पुन्हा. उठून गेले तर खणाखालून पाणी टपकत होतं. मी खण बाजूला केला आणि नळ सोडला... धार लागली.

गार पाणी. एप्रिलात, सहाव्या मजल्यावर, गार! गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्या दिवसांत हाताला चटका देतं. मी ओंजळीने प्यायले. गोड होतं, मातीचा किंचित वास होता. मग मात्र मी “आई!” अशी हाक मारली ती जरा जास्तच मोठ्याने.

त्या उठून आल्या, बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, “बादली लाव ना वं. बघत काय रायली?”

मी बादली लावली आणि कामाला लागले, म्हणजे माझ्या कामाला. ग्रुपवर विचारलं, कोणाच्या दुसऱ्या नळाला पाणी आलंय का? उत्तर आलं – ‘दुसऱ्या सोडा, पहिल्याला आलं तरी कळवा.’ सोसायटीच्या प्लंबरला बोलावलं. पॅसेजमधली पाइपांची डक्ट उघडून त्याच्याबरोबर मीही आत डोकं घातलं. आमच्या नळाचा पाइप भिंतीतून बाहेर येतो, वीतभर पुढे जातो आणि संपतो. तोंडाला प्लास्टिकचं बूच. त्याने बूच काढलं. आत कोळ्याचं जाळं होतं, कोरडं. आणि भिंतीच्या अलीकडे, माझ्या सिंकमध्ये, धार चालू होती. प्लंबर मला म्हणाला, “वहिनी, बूच लावू का परत?” मी म्हटलं, लावा. पैसे न घेताच गेला तो, परत वळूनसुद्धा बघितलं नाही.

संध्याकाळी सचिनला सांगितलं, दाखवलं. त्याने नळ बंद केला, सोडला, बंद केला, सोडला. चेहरा उतरला होता.

“आपण उद्याच निघू इथून,” तो म्हणाला. “पाइप नसलेल्या नळाला पाणी येतंय, आणि तुला इथे राहायचंय?”

“पाइप असलेल्या नळाला येत नाही, तिथे राहतोच आहोत की इतके दिवस.”

बोलले खरी, पण भीती मलाही वाटत होती. तरी माझं ठरलं होतं. घाबरून पळायचं असेल तर आधी कशाला घाबरायचं ते तरी कळू दे. सकाळी मी गेटबाहेर आक्कांकडे गेले. आक्का म्हणजे आमची सोसायटी ज्या जमिनीवर आहे त्या जमिनीच्या जुन्या मालकीणबाई. गेटला लागूनच त्यांचा तीनमजली बंगला, दारात दोन मोठ्या गाड्या. मी त्यांना सरळच विचारलं, “आक्का, इथे पाणी होतं का कुठे?”

त्या जारमधून तांब्या भरून घेत होत्या. तांब्या तसाच खाली ठेवला.

“हीर होती की. दगडी, मोटंची. तुमची ती ‘बी’ बिल्डिंग हाय ना, तिच्या बरोबर खाली. उन्हाळ्यात अख्खं गाव यायचं पाण्याला. का गं?”

मी सांगितलं. सगळं, ओटीसकट. त्या तिथेच पायरीवर टेकल्या.

“मी भावाकडं लग्नाला गेले व्हते. पोरांनी जेसीबी लावून बुजवली. घरातल्या समद्या बाळंतिणींनी तिथं वटी भरली, आन् बुजवताना एक नारळबी कुणी फोडला नाही. मला इचारलंसुदिक नाही, बाई.” त्यांचे डोळे भरले. मग म्हणाल्या, “तू भिऊ नगं. ती कुणाचं वंगाळ करायची नाही.”

विहीर होती हे कळलं. पण विहिरीतलं पाणी काँक्रीट फोडून, सहा मजले चढून, बूच मारलेल्या पाइपातून फक्त माझ्याच घरी कसं येईल? याला काही मी उत्तर म्हणत नाही. पण त्या दिवसापासून मी सईला त्याच पाण्याने अंघोळ घालायला लागले. सचिनने डोळे वटारले. मी म्हटलं, “पाणी बदला म्हणाले होते ना डॉक्टर? बदललं.”

रविवारी एजंट त्या जोडप्याला घेऊन आला. चांगली माणसं होती, नवीनच लग्न झालेली. बाल्कनी बघितली, बेडरूम बघितल्या, आणि मग त्या मुलीने पुण्यात घर बघायला आलेला प्रत्येक जण विचारतो तेच विचारलं, “पाणी कसं आहे हो?”

मी सचिनकडे बघितलं. ‘काही प्रॉब्लेम नाही’ हे वाक्य त्याने गाडीत पाठ केलं असणार. सई त्याच्या खांद्यावर झोपली होती. त्याने तिचं झबलं जरा खाली ओढलं, मान बघितली, पुन्हा बघितली. मान स्वच्छ होती. एक चट्टा नव्हता.

“सॉरी,” तो त्यांना म्हणाला. “तुम्ही इतक्या लांब आलात... पण आम्ही विचार बदललाय.”

एजंट जे काय बोलला ते इथे लिहिता येणार नाही. मी किचनमध्ये जाऊन रडले, आणि मग सगळ्यांना चहा केला. त्याच नळाच्या पाण्याचा.

पुढे टँकर सुरू झाले आणि त्या दिवशी तो नळ बंद पडला. त्यानंतर थेंब नाही. आम्ही सईसाठी फिल्टर बसवला, आणि यंदा तर खरोखरची लाइनही आली. घरोघरी जोडणी झाली. मी मात्र त्या नळाला हात लावू दिला नाही, लाइनसाठी प्लंबरला तिसरा नळ बसवायला लावला. तोच प्लंबर होता, त्यामुळे का म्हणून विचारलं नाही.

गेल्या महिन्यात आक्का आल्या. आमच्या लिफ्टमध्ये पहिल्यांदाच. बरोबर धाकटी सून, तिच्या कुशीत तान्हं बाळ, हातात खण-नारळ.

“सव्वा म्हैना झाला हिला. तुझ्या नळाची वटी भरायची हाय. चालंल का?”

मी आधीच सांगितलं, “आक्का, वर्ष झालं, त्याला पाणी नाही. उगाच आशा नका धरू.”

“नसू दे. वटी तर भरू.”

सुनेने हळदकुंकू लावलं, पाच खडे मांडले, ओटी भरली, नळ सोडला. काही नाही. आम्ही तिघी उभ्या. मी काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तो खोकला. आणि बारीकशी धार आली, तांब्या भरेल इतकीच.

आक्का त्यातलं ओंजळभर प्यायल्या. पदर डोळ्यांना लावला. “सासरी नवी नवरी आले तवा पयलं पाणी हेच प्याले व्हते,” म्हणाल्या. मग तांब्यावर हात ठेवून, थेंब सांडू न देता, खाली घेऊन गेल्या.

त्या गेल्यावर मी पुन्हा डक्ट उघडून बघितली. बूच जागेवर होतं. हे कसं होतं ते मला माहीत नाही, आणि माहीत झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही. हॉलमधल्या चार खिळ्यांपैकी एकावर आता अकोल्याहून आणलेला आईबाबांच्या लग्नाचा फोटो आहे.