गद्रे सर आणि न लिहिलेले बारावे प्रकरण

भालचंद्र गद्रे यांना मी प्रथम पाहिले ते ठाण्यातल्या एका छापखान्याच्या मागच्या खोलीत. मी तिथे मुद्रितशोधनाचे काम करत होते. त्यांच्या पहिल्या कादंबरीची प्रुफे माझ्यापुढे होती आणि तिसऱ्या प्रकरणात वारलेली एक आत्या नवव्या प्रकरणात चहा पीत होती. मी समासात पेन्सिलने लिहिले, ‘या वारल्या आहेत.’ दुसऱ्याच दिवशी पांढरा बुशशर्ट घातलेले एक उंच, किडकिडीत गृहस्थ ते पान हातात घेऊन दारात उभे राहिले.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“हो. काही चुकलं का?”

“तुमचं नाही, माझं चुकलं. पण आत्याबाई आता चहा पिऊनच जातील. मी या प्रकाराची चौकशीच लावतो.”

चार दिवसांनी त्यांनी खरोखरच एक नवे प्रकरण आणून दिले. मेलेल्या बाईला लेखकाने चहा पाजलाच कसा, याची रीतसर चौकशी त्यात होती आणि अखेरीस लेखकाला समज देऊन सोडले होते. वाचताना मी एकटीच इतकी हसले की पलीकडच्या खोलीतली माणसे बघायला आली.

पुढे त्यांच्या सहाही पुस्तकांची प्रुफे मी वाचली. त्यामुळे पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी समितीने माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी आनंदाने लिहायला बसायला हवे होते. ते मला जमलेले नाही. सर आजारी आहेत. हे पान त्यांना स्वतःला वाचता येणार नाही, हे ठाऊक असताना मी लिहिते आहे.

ज्यांनी ही पुस्तके वाचली नसतील, आणि असे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी थोडे सांगते. सरांची नायिका गोदावरी टिपणीस ही पुस्तकांतल्या गुन्ह्यांचा तपास करणारी फौजदार. तिची चौकी ठाण्यातल्या टेंभी नाक्यामागच्या एका वाचनालयाच्या जिन्याखाली. कथा-कादंबऱ्यांतली माणसे पानांतून उठून तिच्याकडे तक्रार नोंदवायला येतात. तीनशे पाने खिडकीत उभी राहून पाय सुजलेली एक नायिका नायक हरवल्याची तक्रार देते. ऐतिहासिक कादंबरीतला एक राजा लढाईच्या आदल्या दिवशी घोड्यावरून पळतो आणि घोडबंदर रोडच्या वाहतुकीत असा अडकतो की गोदावरी त्याला चालत जाऊन पकडते. आणि एक खलनायक म्हणतो, “मला लेखकाने आईच दिली नाही. म्हणून मी असा झालो. शोधून द्या.” त्या आईचा शोध सहा पुस्तके चालू राहिला.

सर कल्याणच्या न्यायालयात लघुलेखक होते. आयुष्यभर त्यांनी इतरांच्या जबान्या लिहून घेतल्या. “तिथे प्रत्येकाला वाटतं, आपलं नीट कुणी ऐकलंच नाही. माझ्या चौकीत निदान ऐकून तरी घेतात,” असे ते म्हणत. म्हणूनच त्यांच्या पुस्तकांत कितीही गंमत असली तरी तक्रार घेऊन येणाऱ्याची टिंगल कधी नसे.

या लेखनाला मान मिळाला नाही. ठाण्यातल्या एका कार्यक्रमात अध्यक्षच म्हणाले, “हे लहान मुलांसाठी ठीक आहे. गद्रे, तुम्ही आता काही गंभीर लिहा.” समोर जेमतेम पाच श्रोते होते आणि त्यांतली एक मी. सरांनी हात जोडले आणि ठरलेले प्रकरण ठरल्याप्रमाणे पूर्ण वाचले, एक ओळही न गाळता. बाहेर आल्यावर मी चिडून बोलू लागले, तर ते म्हणाले, “नीलिमाताई, पाच माणसं आली होती. ती घरी टीव्ही बघत बसू शकली असती.” पण त्या दिवशी रिक्षात बसताना त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. लागले नाही असे नव्हते.

त्यांच्या चांगुलपणाविषयी एकच प्रसंग सांगते, कारण तो माझ्याशी संबंधित आहे. तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी माझे पती शेवटच्या आजारात होते. रुग्णालयाच्या बाकावर बसून मी प्रुफे वाचली आणि एक भयंकर चूक माझ्या नजरेतून सुटली. एक पान दोनदा छापले गेले आणि त्याच्या पुढचे पान गळाले. प्रकाशकांनी मला काढायचे ठरवले. हे कळताच सर डोंबिवलीच्या घरून आले आणि माझ्यासमोरच त्यांना म्हणाले, “शेवटचं प्रूफ मी पाहिलं होतं. चूक माझी आहे.” हे साफ खोटे होते. ते प्रूफ त्यांनी डोळ्यांनीही पाहिले नव्हते. पुढे ज्या ज्या वाचकाने पत्र लिहिले, त्याला त्यांनी गळालेले पान स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहून पोस्टाने पाठवले. मला मात्र त्याविषयी एका शब्दाने बोलले नाहीत. कुमुदवहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, कित्येक वर्षांनी ते सांगितले.

सातवे पुस्तक शेवटचे असे त्यांनी ठरवले होते. अकरा प्रकरणे लिहून झाली. अकराव्याच्या अखेरीस गोदावरी माजिवड्याच्या एका इमारतीत, त्या हरवलेल्या आईच्या दारापाशी पोचते आणि घंटा वाजवते. शेवटचे वाक्य आहे, ‘दार उघडले.’ बारावे प्रकरण लिहायला घेण्याआधीच सरांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. ऐकलेले बहुतेक कळते, पण वाचता येत नाही, आणि तोंडातून भलताच शब्द येतो. चष्मा हवा असला तर ‘जिना’ म्हणतात. आपण चुकलो हे त्यांना कळते, आणि तेच पाहवत नाही.

त्याच वर्षी प्रकाशन संस्था बंद झाली. भिवंडीचे गोदाम रिकामे करताना सरांच्या सहाही पुस्तकांच्या उरलेल्या प्रती लगद्यासाठी गेल्या. मला कळले तेव्हा मी तिथे धावले. दारावरचा माणूस म्हणाला, “मॅडम, तो माल तर कधीच गेला. तुम्ही आधी यायला पायजे होतं.” वहिनींनी आणि मी ही गोष्ट सरांपासून लपवायचे ठरवले. पण भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी हळहळत ती त्यांच्यासमोरच बोलून टाकली. सर पुस्तकांच्या कपाटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “पाणी. पाणी. पाणी.” वहिनींनी धावत पाणी आणले. त्यांनी पेला दूर सारला. त्यांना पाणी नको होते. काय हवे होते, ते आम्हाला अजून कळलेले नाही.

बारावे प्रकरण तरी वाचवावे, असे मी मनाशी घेतले. दर गुरुवारी डोंबिवलीला जाऊन मी त्यांना प्रश्न विचारत असे. “दार आईच उघडते का?” ते मान डोलावत. “म्हणजे आई भेटते?” पुन्हा होकाराची मान, आणि लगेच नकाराची. त्यांच्या होकार-नकारावर भरवसा ठेवता येत नाही, असे वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितले होते, तरी मी विचारत राहिले. कधी कधी ते डोळे मिटून घेत. मी थांबले नाही.

शेवटी मीच ते प्रकरण लिहिले. इतकी वर्षे त्यांची वाक्ये वाचली होती, त्यामुळे भाषा हुबेहूब जमली असे मला वाटले. आई दार उघडते, गोदावरीबरोबर आलेल्या त्या खलनायकाला जवळ घेते, दोघेही रडतात. नऊ पाने झाली. मागच्या महिन्यात ती मी त्यांना वाचून दाखवली. ते पुढे वाकून ऐकत होते. माझे वाचून संपले.

“नको,” सर म्हणाले.

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. झटक्यानंतरच्या चौदा महिन्यांत नेमका जागेवर पडलेला तो पहिला शब्द होता. सरांनी डाव्या हाताने माझे पेन मागितले आणि पहिल्या पानावर आडवी रेघ मारली. मग दुसऱ्या. नऊही पानांवर रेघ मारायला त्यांना बराच वेळ लागला. मी पाने धरून बसले होते. शेवटच्या पानाखालच्या कोऱ्या जागेत ते काही लिहू लागले. तीन वाकड्या रेषा उमटल्या, अक्षर झाले नाही. त्यांनी पुन्हा एकदा प्रयत्न केला. मग पेन सोडून दिले आणि रडू लागले.

“नाही छापणार, सर,” मी म्हणाले. “चुकलं माझं.”

सातवे पुस्तक अकरा प्रकरणांचेच राहील. ते छापायला आज कोणी प्रकाशकही नाही. दारात कोण उभे आहे हे एकाच माणसाला ठाऊक आहे आणि ते सांगण्याचा मार्ग त्याच्यापाशी नाही, हे मी आता मान्य केले आहे.

अशा लेखाच्या अखेरीस दीर्घायुष्य चिंतायचे असते. परवा वहिनींनी मला विचारले, “नीलिमा, असे दिवस आणखी मागायचे का गं?” तरी सर, वहिनी हा लेख तुम्हाला वाचून दाखवतील म्हणून थेट तुम्हालाच लिहिते. तुम्हाला पुष्कळ वर्षे मिळोत आणि ती दुखण्यावाचून जावोत. हाताला थोडे बळ येवो. मी दर गुरुवारी येत राहीन. आता काही विचारणार नाही. नुसती शेजारी बसेन.