दोन्ही हात एकदम

"बेडकावानी पवते मी," असं कुणी विचारायच्या आतच आमच्या बाई सांगून टाकायच्या आणि दोन्ही तळहात छातीपासून पुढे नेऊन बाजूला सारून दाखवायच्या. त्याला कारण होतं. त्यांच्या पोहण्याच्या प्रकाराचं नाव ब्रेस्टस्ट्रोक, आणि ते माइकवरून उच्चारण्याची हिंमत आपल्या जिल्ह्यातल्या एकाही सूत्रसंचालकात नव्हती. एकाने 'विशिष्ट पद्धतीचं पोहणं' म्हणून वेळ मारून नेली. दुसऱ्याने परस्पर बटरफ्लाय करून टाकलं. एका सत्काराचे अध्यक्ष तर म्हणाले, आपल्या लेकीने नौकानयनात जिल्ह्याचं नाव काढलं. टाळ्या तिन्ही वेळा सारख्याच पडल्या.

धाराशिवच्या एका सरकारी कचेरीत त्यांचं आणि माझं टेबल शेजारी शेजारी होतं. बाईंना खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळालेली. काम आवक-जावक. देशासाठी पोहून आलेल्या माणसाला पाकिटांवर शिक्के मारायला बसवणं ही आपल्याकडची सन्मानाची रीत आहे, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

त्या मूळच्या माकणीच्या. वडील धरणावर चौकीदार होते. पोरगी पाण्याकाठी वाढते तर निदान बुडून मरू नये, एवढ्याच माफक अपेक्षेने त्यांनी तिला पोहायला शिकवलं. पोरगी बुडाली तर नाहीच, उलट पुण्याच्या वसतिगृहात गेली, राष्ट्रीय पदक घेतलं आणि भारताच्या संघातून परदेशी जाऊन आली. तिथे प्राथमिक फेरीत तिचा शेवटचा नंबर आला. पण परदेशी जाऊन हरणं आणि इथे हरणं यात फरक असतो. येडशीच्या स्टेशनपासून उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली, तेरखेड्याचे फटाके उडाले. जीपमध्ये ती वडिलांच्या कानाला लागून म्हणाली, "बाबा, मी हारले की ओ." वडील म्हणाले, "गप ऱ्हा. ह्यांना म्हाईत न्हाय."

दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा मात्र बाई आयुष्यात कधी पोहल्या नव्हत्या तशा पोहल्या. फेरीत दुसऱ्या आल्या. अंतिम फेरी पक्की. आणि फलकावर त्यांच्या नावापुढे 'बाद' असं आलं. या प्रकारात वळताना आणि शेवटी, दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. यांचा वळताना डावा आधी लागला होता.

ही बातमी जिल्ह्यात पोहोचेपर्यंत परदेशी पंचांचं कारस्थान झाली. ज्या पुढाऱ्याला तोपर्यंत पोहणं म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर नदीत केलेली पूजा एवढंच माहीत होतं, त्याने त्या देशाच्या निषेधार्थ रास्ता रोको जाहीर केला. तो देश नकाशावर कुठे आहे हे विचारण्याचा उद्धटपणा कुणी केला नाही. एसटी बसेस उन्हात उभ्या राहिल्या. बाई परत आल्या त्या थेट त्या गर्दीतच, आणि त्यांच्या हातात माइक दिला गेला.

त्या म्हणाल्या, "माझा डावा हात आदी लागला. पंच बरोबर हुते."

मग पुढाऱ्याने माइक परत घेतला आणि म्हणाला, बघा, आपल्या लेकीवर किती दडपण आणलंय. रास्ता रोको आणखी जोरात झाला.

त्यानंतर सत्कार आपोआप बंद झाले. पुढे गुडघा गेला, शर्यती सुटल्या, शिक्का हातात आला. मग बाईंनी परीक्षा देऊन पोहण्याच्या पंचाचं काम घेतलं. ज्यांनी बाद केलं त्यांच्यातच जाऊन बसल्या, असं कचेरीत सगळे म्हणाले. मीही हसलो होतोच.

दर रविवारी त्या माकणीला जाऊन धरणाच्या पाण्यात चार मुलींना शिकवायच्या. त्यात आमच्या कचेरीतल्या शिपाईमामांची मुलगी होती. मुलगी विलक्षण निघाली. राज्य स्पर्धेत पहिली आली की राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होती, आणि मामा चहा देताना प्रत्येकाला हे सांगत. ज्यांनी आधी ऐकलं होतं त्यांना जास्त सविस्तर.

नेमकी त्या शर्यतीत तिच्याच लेनच्या वळणावर बाईंची पंच म्हणून नेमणूक झाली. बाईंनी मुख्य पंचांना सांगितलं, ती माझ्याकडे शिकणारी मुलगी आहे, मला दुसरी लेन द्या. ते म्हणाले, माणसं कमी आहेत, आणि तुमच्यावर आमचा विश्वास आहे. विश्वास ठेवायला आपल्याकडे माणसं नेहमी कमीच असतात.

मुलगी पहिली आली. पण त्याआधी वळणावर तिचा एक हात आधी लागला होता, आणि 'बाद' म्हणून बाईंचा हात वर गेला होता.

सोमवारी मामांनी सगळ्या टेबलांवर चहा ठेवला. बाईंच्या टेबलावर ठेवला नाही. मंगळवारीही नाही. कचेरीला अचानक न्यायाची फार चाड निर्माण झाली. फायली अडवून ठेवण्यात हयात घालवलेले लोक बाईंना माणुसकी समजावून सांगू लागले. एका दुपारी मीही म्हणालो, "बाई, थोडं डोळं झाकायचं की. कोण बघत होतं?"

"ती बघत हुती, काका," त्या म्हणाल्या. "पाण्यात कळतंय ते. मला कळलं हुतं तसं तिलाबी कळलं. मी गप बसले असते, तर तिनं पुन्यांदा माझ्याकडं मान वर करून बगितलं नसतं."

मग शिक्का उचलून त्या पाकिटांकडे वळल्या. शिक्का दोनदा उलटा पडला.

मुलगी शिकायला येईनाशी झाली. बाई मात्र रविवार चुकवत नव्हत्या. बाकीच्या मुलींना शिकवून झालं तरी बराच वेळ पाण्यातच थांबतात, असं माकणीचे लोक सांगत. पुढे एका सोमवारी मामा चहा घेऊन आले आणि पहिला कप बाईंपुढे ठेवला. काल पोरगी न सांगताच सकाळच्या माकणीच्या बसमध्ये जाऊन बसली, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. मामांनी बसपाशी जाऊन रागावून कुठे निघालीस विचारलं, तर म्हणाली, "शिकवायला दुसरं कोन हाय?" बाईंनी तो चहा गार होईपर्यंत हातात धरून ठेवला.

गेल्या महिन्यात बाई पुन्हा परदेशी गेल्या, पंच म्हणून. साहेबांनी रजेच्या वेळी विचारलं, पोहायचं नाही तर जाताय कशाला? या वेळी मिरवणूक नव्हती. पंचांना निरोप द्यायची पद्धत आपण अजून काढलेली नाही.

जेवणाच्या सुट्टीत मामांच्या मोबाइलवर आम्ही ती शर्यत पाहिली. कॅमेरा पंचांचे चेहरे दाखवत नाही. भिंतीपाशी पांढऱ्या पँटमधले पाय तेवढे दिसत होते.

"ह्या बगा बाई," मामा एका पायाच्या जोडीवर बोट ठेवून म्हणाले.

मी म्हणालो, कशावरून?

"बाकीचे ताठ हुबे हायत. ह्यांच्या टाचा वर हायत, पार पान्यावर वाकल्यात."

तेवढ्यात शर्यत संपली आणि कॅमेरा जिंकणाऱ्या मुलीकडे गेला. मामांनी बोट तिथंच ठेवलं होतं.