टॅरेंटुलाचं घर आणि माझा हात

आम्हा जळगावकरांना कोरडं काही दिसलं की तिथे ठिबक बसवावंसं वाटतं. माझं नेमकं तिथेच चुकलं.

धुळ्याच्या मित्राची लांब बदली झाली आणि त्याने वाढवलेली टॅरेंटुला, म्हणजे तळहाताएवढी केसाळ कोळीण, माझ्या गळ्यात पडली. तिच्यासाठी मी स्वतः पेटी बनवली. मिठाईच्या दुकानातून मोडीत निघालेल्या काचेची, चांगली दोन फूट उंच. झाकणाला मच्छरदाणीची जाळी; समोरच्या काचेत हात घालायला पाइपाचा तुकडा बसवलेला. मित्राने बजावलं होतं, "ही जमिनीवर राहणारी आहे. उंचावरून पडली तर पोट फुटून मरेल." मी हो हो म्हणालो आणि मातीला ओल राहावी म्हणून वर बाटली टांगून ठिबकची नळी सोडली.

सकाळी पाहतो तर पेटीत चिखल. बाई चिखलाला कंटाळून काचेवरून थेट झाकणापर्यंत चढलेल्या, आणि एका पायाची नखी जाळीत अडकलेली. उलट्या लोंबकळत होत्या.

मी घाईने पाइपातून हात आत घातला आणि तिच्याखाली ओंजळीसारखा धरला. धरल्यावर लक्षात आलं, आता पुढे काय? हात काढला आणि ती पडली, तर संपलं. झाकण उघडावं, तर तिचा पाय तुटणार. मे महिना, कूलर बंद, कारण वाऱ्याने ती बिथरेल म्हणून मीच बटण दाबलेलं. घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता आणि पुसायला एकही हात मोकळा नव्हता. दुसऱ्या हाताने पेटी धरलेली, कारण टेबल लंगडं. तेही मीच बनवलेलं.

वडील पेपर घेऊन आले. ते अजून गावाकडचंच बोलतात.

"काय करी ऱ्हायना रे?"

"आबा, हात काढता येत नाही."

त्यांनी चष्मा नीट केला. "तू तिले धरी ऱ्हायना, का ती तुले?" आणि समोर खुर्ची ओढून बसले.

अर्धा तास झाला. खांदा बधिर. कोळीण मधूनच एक पाय हलवी आणि मी तळहात आणखी वर सरकवी.

शेवटी बायको आली. आठवडाभर ती या खोलीच्या दारातूनच बोलत होती. तिने वाकून जाळी पाहिली.

"अहो, नखी अडकलीय ना? मग जाळीच कापायची."

"तू?"

"नाही, तुम्ही कापा. हात आहेत ना दोन?"

भरतकामाची छोटी कात्री घेऊन तिने डोळे बारीक केले, श्वास रोखला आणि वरून नखीभोवतीची जाळी कातरली. कोळीण माझ्या तळहातात पडली. कापसाच्या बोंडाएवढं वजन. पोट शाबूत, पायाला जाळीचा चिमूटभर तुकडा. मी ओरडलो नाही, हे लोक मानत नाहीत.

पण बाई हातावरून उतरेनात. खाली चिखल होता ना! बायकोने झाकण काढून कुंड्यांसाठी आणलेला कोरडा नारळाचा भुसा ओतायला घेतला. ओतता ओतता भुसा माझ्या मनगटाच्याही वर आला, तेव्हा कोळीण सावकाश पायउतार झाली.

"थांबा, हात काढू नका अजून," बायको म्हणाली आणि उरलेली पिशवीही रिकामी केली. भुशापासून झाकणापर्यंत वीतभर जागा राहिली.

"आता पडली तरी लागणार नाही. काढा हात."